दगड रंगवायच्या आदल्या दिवशी

रविवारी सकाळी कोल्हापुरात आमच्या अंगणात गल्लीतली तीन-चार पोरं दगड रंगवायला बसतात. सगळी दीड ते तीन वर्षांची. खेळ चालतो जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्यात "थांब हं, आणते" म्हणून मी उठले की पोरंही उठतात. म्हणून सगळी तयारी शनिवारीच करून ठेवायची.

पहिलं काम दगडांचं. नदीकाठचे घासून गुळगुळीत झालेले चपटे गोटे सगळ्यात चांगले. बांधकामावरची खडी घ्यायची नाही, तिला धार असते. गोटे उन्हाळ्यात, नाहीतर दिवाळीनंतर पाणी उतरल्यावर गोळा करून पोत्यात भरून ठेवावेत. पावसाळ्यात पंचगंगेच्या काठाला पोरांना घेऊन जायचंच नाही. राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथं घराघरात तोंडपाठ आहेत. पण काठ निसरडा व्हायला पाणी एवढं चढावं लागत नाही. दगड उचलताना आधी काठीनं उलटा करून बघायचा, खाली विंचू असू शकतो. घाटाचा सुटलेला दगड आणायचा नाही. आणि शेंदूर लावलेला दगड कुठं दिसला तर पोरांना लांबूनच नमस्कार करायला शिकवायचं. आमच्या पोरांनी पाहिलेला पहिला रंगवलेला दगड तोच, त्यामुळं रंग दिसला की ती आधी हात जोडतात. मला ते फार आवडतं.

आकारात मात्र तडजोड नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला तुकडा घशात अडकेल का, हे तपासायला जी नळी वापरतात तिचा व्यास साधारण ३.२ सेंटिमीटर असतो. त्यात जाईल तो दगड बाद. मी त्याहून बरंच मोठं माप धरते, साबणाच्या अख्ख्या वडीएवढं. नर्सरीत कुंड्यांसाठी मिळणारे पांढरे खडे दिसायला सुरेख असतात, पण ते नकोतच. उलट फार मोठाही दगड नको, हातातून सुटला तर पायाच्या बोटावरच येतो. पोरं जमिनीवर मांडी घालून बसली की ती भीती बरीच कमी होते. पाट-खुर्ची नको.

नदीचा दगड म्हणजे नदीचं पाणीही आलंच. ब्रशनं साबण लावून घासायचा, दोनदा धुवायचा आणि दिवसभर उन्हात ठेवायचा. ओल राहिली की रंग धरत नाही. घाई झाली म्हणून दगड गॅसवर तापवू नका, आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो.

आता खरं महत्त्वाचं. आपला दगड काळा. अंबाबाईचं देऊळ काळ्या दगडाचं, १८८४ साली पुरा झालेला नवा राजवाडाही काळ्या दगडाचा. या दगडावर पिवळा रंग लावला तर दिसतच नाही. पोरगं ब्रश फिरवतं, काही उमटत नाही आणि ते रडकुंडीला येतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी मोठ्यांनी दगडाला पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात द्यावेत. पहिला वाळल्यावरच दुसरा. आमच्या आज्जी म्हणाल्या, "अगं, चुना लाव की, डब्यात हाय." मी त्यांना हळूच सांगितलं, "आज्जी, चुना पोरांच्या डोळ्यात गेला तर डोळा जाईल." त्यांनी डबा लगेच वरच्या फळीवर ठेवला.

पोरांच्या हातात फक्त पाण्यात धुतले जाणारे, बिनविषारी लिहिलेले पोस्टर कलर द्यायचे. माळ्यावरचा जुना ऑइल पेंटचा डबा काढू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको हा नियम २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या डब्यात किती असेल याचा भरवसा नाही. जोतिबाच्या गुलालाचंही नाव काढू नका. त्याची पूड नाका-तोंडात जाते. तीच गोष्ट रांगोळीची.

रंग दोनच काढायचे, आणि एकमेकांत मिसळले तरी चांगले दिसतील असे, म्हणजे पिवळा आणि लाल किंवा पिवळा आणि निळा. सहा डब्या मांडल्या तर पाचव्या मिनिटाला सगळ्याचा चिखल होतो. रंग वाटीत ओतायचा नाही, जुन्या ताटलीत चमचाभर पसरायचा. जाड ब्रश, स्पंजचा तुकडा आणि आडवी कापलेली भेंडी ठेवायची. भेंडीचं फूल उमटलं की पोरं खुलतात. हात बुडवायचे असतील तर बुडवू द्यावेत.

बाकीचं पटकन सांगते: खाली जुनी चादर, अंगात टाकाऊ बनियन, शेजारी ओला पंचा. पाणी लहान मगात, तेही थोडंच. भरलेली बादली जवळ नको, एवढ्याशा पोरांच्या ती जिवावर बेतू शकते. आणि एक जण फक्त लक्ष ठेवायला बसलेला हवा. त्याच्या हातात मोबाईल नको, ब्रशही नको. ब्रश असला की मोठी माणसं पोराच्या दगडावर फुलं काढायला लागतात.

दगड वाळवायला गच्चीवरची जागा आधीच मोकळी करून ठेवायची, आणि कुठला दगड कुणाचा ते खालच्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचं. वाळल्यावर आम्ही ते तुळशीकट्ट्याभोवती मांडतो. परत नदीत टाकायचे नाहीत. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की वरचा रंग वाहून जातो, खालचा पांढरा तसाच राहतो, आणि तोच दगड परत रंगवायला घेता येतो.