कॉलेजचं नाव मोठं, माझं कर्ज त्याहून मोठं

मेडिकल कॉलेज निवडताना मी कागदावर दोन रकाने पाडले होते. एकात कॉलेजचं नाव, दुसऱ्यात पहिल्या वर्षाची फी. तिसरा रकाना हवा होता हे कळलं तेव्हा पदवी हातात होती आणि पहिला हप्ता दारात.

मान्यता तपासा, प्रवेशाचे नियम वाचा, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी अडकले व्याजात. 'शिकत असताना हप्ता नाही' हे मी 'शिकत असताना व्याज नाही' असं ऐकलं. हप्ता थांबतो, व्याज चालूच असतं. बऱ्याच कर्जांत ते पुढे मुद्दलात मिसळतं आणि व्याजावर व्याज लागतं. समजा, पाच वर्षं दरवर्षी सुरुवातीला 20 रुपये, असे एकूण 100 उचलले, वार्षिक चक्रवाढ 10 टक्के, आणि सहावं वर्ष संपेपर्यंत काहीच भरलं नाही, तर देणं जवळपास 148 होतं. पहिल्या वर्षाच्या 20 चेच 35 होतात. हे फी न वाढता! माझी दरवर्षी वाढली. फीवाढीचा तो नियम प्रवेश अर्जाच्या मागच्या पानावर होता, बारीक अक्षरात. मी सही पुढच्या पानावर केली. वसतिगृह आणि पुस्तकं तर अजून धरलीच नाहीत.

घाबरवत नाहीये. बरं, थोडं घाबरवतेय.

नाव अगदीच बिनकामाचं नसतं. संशोधनात जायचं असेल तर तिथली प्रयोगशाळा आणि शिफारसपत्रं उपयोगी पडतात. पण डॉक्टर घडतो तो रुग्णाजवळ. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या 155 मेडिकल कॉलेजांची पाहणी करून 1910 साली अहवाल दिला, तेव्हाच त्यांनी कॉलेजच्या हातात स्वतःचं रुग्णालय हवं असा आग्रह धरला होता. मी मात्र कमान बघून भुलले. तुम्ही वॉर्डात शिकणाऱ्यांना गाठून विचारा: रुग्णाला हात लावू देतात, की सहाजणांच्या मागे टाचा उंचावून उभं राहावं लागतं? पहिलं बाळंतपण मी तसंच, टाचा उंचावून पाहिलं. स्वस्त कॉलेजातली मैत्रीण तोवर टाके घालत होती. परवाना दोघींना एकच मिळाला.

सीनिअरचा सल्ला जरूर घ्या, पण त्यांची फी कोणी भरली ते आधी विचारा. 'नाव बघ, पैसे काय, येतातच' असं मला सांगणाऱ्या सरांनी छदामाचंही कर्ज घेतलं नव्हतं. आणि सीट मिळवून देतो म्हणणारा एजंट भेटला तर फोन ठेवा, बस्स.

महागड्या कॉलेजात आधीच पाऊल टाकलं असेल तरी बुडालात असं नाही. दरवर्षीचं नुसतं व्याज भरत गेलात तर वरच्या उदाहरणातलं देणं 100 वरच थांबतं. सगळं जमत नसेल तर अर्धं भरा. व्याज मुद्दलात कधी मिसळतं, दरमहा, दरवर्षी की अभ्यासक्रम संपल्यावर, हे बँकेला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मी तोंडी घेतलं होतं. अजून चार वर्षांचे हप्ते बाकी आहेत.