जर्मनीत प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचे काम कसे मिळवावे

पश्चिम युरोपात इंग्रजी शिकवण्याचे काम शोधणारे बहुतेक जण नोकरीच्या जाहिराती चाळण्यापासून सुरुवात करतात. जर्मनीत मात्र प्रौढांना भाषा शिकवण्याचे बरेचसे काम मासिक पगारावर नव्हे, तर तासिकांच्या मानधनावर चालते. त्यामुळे तेथे स्वतंत्र व्यवसाय करण्याची कायदेशीर मुभा आपल्याला आहे की नाही, हा प्रश्न पदवी, उच्चार आणि अनुभव यांच्याही आधी येतो.

म्हणून पहिली पायरी म्हणजे निवास परवाना नीट वाचणे. जोडीदाराच्या नोकरीमुळे म्युनिक, श्टुटगार्ट किंवा फ्रँकफुर्टला गेलेल्यांची स्थिती सर्वांत सोपी असते, कारण कुटुंबीय म्हणून मिळालेल्या परवान्यावर सर्वसाधारणपणे नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय दोन्ही करता येतात. परवान्यावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट’ म्हणजे ‘अर्थार्जनास परवानगी’ हा शेरा आहे का, ते पाहावे. विद्यार्थ्यांना वर्षातून १४० पूर्ण दिवस नोकरी करता येते, परंतु मानधनावर शिकवणे हा स्वतंत्र व्यवसाय ठरत असल्याने त्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. पोर्तुगीज पारपत्र असलेले गोमंतकीय युरोपीय संघाचे नागरिक असल्याने त्यांना कोणताही परवाना लागत नाही. तेथे नव्याने जाणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना मात्र २०२१ पासून ही सवलत उरलेली नाही. भारतातूनच अर्ज करायचा असल्यास निवास कायद्याच्या कलम २१ मधील स्वतंत्र व्यावसायिकांची तरतूद लागू होते. त्यासाठी काम देऊ इच्छिणाऱ्या संस्थांची पत्रे, आरोग्य विमा आणि वय ४५ पेक्षा जास्त असल्यास वृद्धापकाळाच्या तरतुदीचा पुरावा मागितला जातो. ही पत्रे दूरवरून मिळवणे अवघड असते, आणि हा मार्ग निवडणाऱ्याने ते आधीच गृहीत धरलेले बरे.

दुसरी पायरी प्रमाणपत्राची आहे. केंब्रिजचा सेल्टा हा अभ्यासक्रम प्रौढांना शिकवण्यासाठीच आखलेला असून त्यात किमान १२० तासांचे प्रशिक्षण आणि खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तासांचे अध्यापन असते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचे इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्रही त्याच तोलाचे मानले जाते. स्वस्त ऑनलाइन प्रमाणपत्रांवरही ‘१२० तास’ छापलेले असते, परंतु ज्यात एकही वर्ग प्रत्यक्ष घ्यावा लागत नाही, अशा कागदावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर कोणाला शिकवायचे ते ठरवावे, आणि या पायरीवर घाई करू नये. जर्मनीत ‘फोल्क्सहोखशूले’ म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणसंस्था ८०० हून अधिक आहेत. तेथील संध्याकाळच्या वर्गांना नोकरदार येतात, तर सकाळच्या वर्गांत निवृत्त मंडळी अधिक दिसतात. लाइपझिग, ड्रेस्डेनसारख्या एकेकाळच्या साम्यवादी पूर्व जर्मनीतील शहरांत शाळेत पहिली परकीय भाषा म्हणून रशियन शिकलेली पिढी आहे, त्यामुळे साठीनंतर इंग्रजीचा श्रीगणेशा करणारे विद्यार्थी तेथे नवलाचे नाहीत. अशा वर्गात व्याकरण जर्मनमधून समजावून द्यावे लागते, म्हणून स्वतःचे जर्मन निदान बी१ या युरोपीय मोजपट्टीवरील मध्यम पातळीपर्यंत न्यावे. बव्हेरियासारखे अपवाद वगळता बहुतेक राज्यांत कर्मचाऱ्यांना वर्षाला साधारण पाच दिवसांची पगारी शिक्षण-रजा मिळते, आणि त्या रजेत बसणारे आठवडाभराचे सलग वर्ग घ्यायला शिक्षक हवे असतात.

दुसरा मोठा ग्राहकवर्ग कंपन्यांचा. काही जाहिरातींत अजूनही ‘मातृभाषा इंग्रजी’ ही अट दिसते. तिच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा आपले पूर्वीचे काम पुढे करावे. पुण्यात सॉफ्टवेअर चाचणी, लेखापरीक्षण किंवा वाहनांच्या सुट्या भागांची खरेदी केलेल्या माणसाला बैठकीतले, निविदेतले आणि तक्रारीच्या ईमेलमधले इंग्रजी आतून ठाऊक असते. चाकणला मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन यांचे कारखाने आहेत. अशा कंपन्यांच्या जर्मनीतील कर्मचाऱ्यांना भारतीय सहकाऱ्यांशी बोलण्याचा सराव हवा असेल, तर तो करून देण्यात लंडनच्या शिक्षकापेक्षा आपला हात वरचढ ठरू शकतो. ‘मी इंग्रजी शिकवते’ एवढेच सांगणाऱ्या अर्जापेक्षा ‘मी खरेदी विभागातील लोकांना वाटाघाटींचे इंग्रजी शिकवते’ असे सांगणारा अर्ज लक्षात राहतो.

अर्ज संस्थेच्या सामान्य पत्त्यावर न पाठवता भाषा विभागाच्या प्रमुखांना नावानिशी पाठवावा. सोबत जर्मन पद्धतीचा तक्तेवजा परिचय, प्रमाणपत्रे आणि एखाद्या अभ्यासक्रमाचा पानभर आराखडा जोडावा. शरद ऋतूतील वर्गांचे नियोजन वसंतातच होत असल्याने सप्टेंबरमध्ये विचारणा करणाऱ्याला बहुधा पुढच्या सत्राची वाट पाहावी लागते. अर्थात ऐन वेळी शिक्षक आजारी पडतात, म्हणून बदली शिक्षकांच्या यादीत नाव देऊन ठेवावे. म्युनिकची मेल्टा आणि बर्लिनची एल्टाब या इंग्रजी शिक्षकांच्या संघटना आहेत. त्यांच्या कार्यशाळांत झालेल्या ओळखींतूनही काम मिळते.

काम मिळू लागताच फिनान्सआम्ट या कर कार्यालयाकडे ‘एल्स्टर’ संकेतस्थळावरून नोंदणी करून कर क्रमांक घ्यावा. त्याहून दुर्लक्षित राहणारी गोष्ट निवृत्तिवेतन विम्याची आहे. स्वतंत्रपणे शिकवणाऱ्या शिक्षकाला, उत्पन्न किरकोळ नसेल तर, हा विमा सक्तीचा आहे, त्याचा १८.६ टक्के हप्ता सर्वसाधारणपणे एकट्यालाच भरावा लागतो आणि काम सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत स्वतःहून कळवावे लागते. न कळवल्यास मागील वर्षांची थकबाकी एकदम अंगावर येते. समजा, ४५ मिनिटांच्या तासिकेला २५ युरो मिळतात आणि आठवड्याला २० तासिका, वर्षाला ३० आठवडे वर्ग चालतात. ढोबळ उत्पन्न १५,००० युरो दिसते, परंतु खर्च वजा न करता धरल्यास त्यातले २,७९० निवृत्तिवेतनातच जातात, आणि आरोग्य विमा, प्रवास, तयारीचा वेळ व सुट्ट्यांचे कोरडे आठवडे वेगळेच. दर ठरवताना हा हिशेब समोर असावा.

२८ जून २०२२ रोजी संघीय सामाजिक न्यायालयाने हेरेनबर्ग येथील संगीतशाळेच्या एका शिक्षिकेला स्वतंत्र व्यावसायिक नव्हे, तर कर्मचारी ठरवले, आणि तेव्हापासून अनेक शिक्षणसंस्था आपले करार तपासून पाहत आहेत. त्यामुळे करार मानधनाचा आहे की नोकरीचा, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. पुरेसे विद्यार्थी न आल्यास वर्ग किती दिवस आधी रद्द करता येतो आणि तसे झाल्यास काही मोबदला मिळतो का, हे कलमही तेव्हाच वाचावे.