लग्नाचे फोटो अल्बमवाल्याला घरबसल्या कसे पाठवायचे

नौपाड्यातून तुर्भ्याच्या अल्बम प्रेसला पेनड्राइव्ह द्यायला मी कित्येक वर्षं ट्रान्स हार्बर लोकलने जायचो, जाऊन येऊन अर्धा दिवस मोडायचाच. आता फोटो घरूनच, इंटरनेटवरून थेट प्रेसच्या सर्व्हरवर (म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवर) पाठवतो. मेलने होत नाही, जीमेल २५ एमबीच्या पुढे अटॅचमेंट घेत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो म्हणून टाकला की तो दाबला जातो, प्रिंटला उपयोगी नाही.

आधी प्रेसवाल्यांकडून होस्टचं नाव (सर्व्हरचा पत्ता), पोर्ट (सर्व्हरवर कुठल्या दारातून शिरायचं तो नंबर), युजरनेम आणि पासवर्ड घ्या. एफटीपी म्हणजे नेटवर्कवरून फाइली पाठवायची जुनी पद्धत, एसएफटीपीत तेच काम कुलूपबंद होतं. पोर्ट २२ सांगितला तर बहुतेक एसएफटीपी, २१ म्हणाले तर साधं एफटीपी. हे नीट विचारा. एफटीपी १९७१ चं आहे, त्याचा पहिला मसुदा आयआयटी कानपूरला शिकलेल्या अभय भूषण यांनी लिहिला (मला याचं फार कौतुक वाटतं), पण तेव्हा नेटवर्कवर मोजकेच कॉम्प्युटर होते, आणि साध्या एफटीपीत पासवर्ड आजही उघडाच जातो. म्हणून एसएफटीपीच मागा.

मग फाइलझिला क्लायंट (फाइली पाठवायचा प्रोग्राम) फाइलझिलाच्या स्वतःच्या साइटवरून उतरवा, फुकट आहे, इन्स्टॉल करताना सोबत दुसरं काही टाकू का असं विचारलं तर नको म्हणा. फाइल मेनूत साइट मॅनेजर, तिथे न्यू साइट, प्रोटोकॉल एसएफटीपी निवडा, बाकी माहिती भरा आणि कनेक्ट. पहिल्यांदा सर्व्हरचा फिंगरप्रिंट (सर्व्हरची ओळख पटवणारी अक्षरं-आकड्यांची ओळ) दाखवणारी खिडकी येते, सगळे न वाचता ओके करतात, तुम्ही प्रेसला फोन लावून तो एकदा जुळवून घ्या.

डावीकडे तुमचा कॉम्प्युटर, उजवीकडे त्यांचा. फोल्डर ओढून उजवीकडे टाकला की काम सुरू. लॅपटॉपचं स्लीप बंद करा. वेळेचा हिशोब अपलोड स्पीडवर करायचा, डाउनलोडवर नाही, आणि स्पीडला ८ ने भागायचं: ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी, म्हणजे ४० जीबीला जवळजवळ सव्वादोन तास, प्रत्यक्षात थोडे जास्तच.

मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. परत कनेक्ट करा, तोच फोल्डर पुन्हा ओढा, फाइल आधीच आहे असं विचारेल तेव्हा रिझ्युम निवडा. मी एकदा घाईत स्किप केलं होतं. अर्धवट गेलेल्या फाइली तशाच राहिल्या, आणि प्रेसमधून फोन आला की सप्तपदीच्या फोटोत वर चेहरे आहेत नि खाली नुसता करडा पट्टा. कॅमेऱ्याचं कार्ड अजून फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून वाचलो, नाहीतर त्या घरच्यांना काय तोंड दाखवलं असतं.

तेव्हापासून पाठवून झालं की व्ह्यू मेनूतलं डिरेक्टरी कम्पॅरिझन फाइल साइझवर लावतो, ज्या फाइलीची साइझ जुळत नाही ती रंगात दिसते, तेवढीच परत पाठवतो. झिप करून पाठवली असेल तर सेव्हन-झिपमध्ये एसएचए-२५६ (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला लांब आकडा) काढून दोन्हीकडचा आकडा जुळवता येतो, पण फोटोंना मी एवढं करत नाही. शेवटी प्रेसला फोन करून फोल्डरात एकूण फोटो किती आहेत ते विचारतो, आणि दोन-चार मोठे फोटो त्यांना समोर उघडून बघायला लावतो, मगच कार्ड फॉरमॅट.