शिंपल्याच्या टेबलाला चिंच लावू नका

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्याकडे शिंपल्याच्या टेबलांच्या दुरुस्तीचा सीझन असतो. आखातात वीस-पंचवीस वर्षं काढून परतलेल्या घरांतून ती येतात. अष्टकोनी, गुडघ्याएवढी, अक्रोडाच्या लाकडात शिंपल्याचे तारे, मध्ये हाडाच्या पट्ट्या, भोवती तारेची बारीक रेघ. वर्षभर बिचारं टेबल कोपऱ्यात फुलदाणी घेऊन निमूट उभं असतं. साफसफाई निघाली की कुणाच्या तरी हाताला खाज सुटते आणि आठवड्याभरात ते चादरीत गुंडाळून माझ्या दारात येतं. नुसत्या वयानं खराब झालेलं जडावकाम मी फार थोडं पाहिलंय. माणसांनी खराब केलेलं पुष्कळ.

पहिली चूक नावाची. दुकानदार सरसकट 'मूरिश' म्हणतो, आपण मान डोलावतो. मूर म्हणजे उत्तर आफ्रिका आणि स्पेनमधले मुसलमान. स्पेनमधली त्यांची राजवट ७११ ला सुरू झाली, १४९२ ला ग्रानादा पडलं तेव्हा संपली. त्यांच्या जडावकामाचा कळस पाहायचा तर मोरोक्कोतल्या मराकेशचं, कुतुबिया मशिदीच्या नावानं ओळखलं जाणारं मिंबर, म्हणजे प्रवचनाचं पायऱ्यांचं व्यासपीठ, पाहा. ११३७ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबाच्या कारागिरांनी ते करायला घेतलं, आणि त्यातले हाडाचे नि रंगीत लाकडांचे तुकडे इतके बारीक आहेत की सांधा शोधताना डोळे दुखतात. ग्रानादात हे काम 'ताराथेया' या नावानं आजही चालतं. तुमच्या घरातलं टेबल मात्र बहुतेक दमास्कसचं, नाहीतर कैरोचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या श्रीमंतांना घरात एक 'मूरिश खोली' हवी असायची. १८७५ मध्ये लंडनला उघडलेल्या लिबर्टीसारख्या दुकानांनी ही हौस पुरवली आणि सगळ्या पूर्वेकडच्या मालाला तेच नाव चिकटलं. मूरांचं राज्य जाऊन तेव्हा जवळजवळ चारशे वर्षं झाली होती.

नावावरून मी एवढा वाद घालते कारण घडण वेगळी, की दुरुस्तीही वेगळी. दमास्कसवाला अखंड लाकडात नक्षी कोरतो, कडेच्या चरात कथलाची तार ठोकून बसवतो आणि आतल्या खळग्यात शिंपला सरसानं चिकटवतो. ग्रानादावाला लाकडाच्या आणि हाडाच्या लांब काड्या जुळवून त्यांची जुडी चिकटवतो, तिचे आडवे काप काढतो आणि ते पातळ काप पृष्ठभागावर लावतो. जुन्या बॉम्बे बॉक्सवरची, म्हणजे मुंबईत बनणाऱ्या शोभेच्या पेट्यांवरची, सादेली नक्षी याच जातीची. ही विद्या इराणातून सिंध-गुजरातमार्गे मुंबईला आली. असा काप पापडाएवढा पातळ असतो. त्यावर पॉलिश पेपर चालवणाऱ्याला मी चहाही विचारत नाही.

आता चिंचेचं. एका बाईंनी सासऱ्यांच्या आठवणीचं टेबल आणलं. तारेची रेघ काळवंडली होती. त्यांना वाटलं चांदी आहे, म्हणून देवाच्या उपकरणांसारखी चिंचेच्या कोळानं घासली. तार काही उजळली नाही, कारण ती चांदी नव्हतीच. कथलाचा तो मंद करडा रंग तसाच असायचा असतो. पण शिंपला गेला. ओट्याच्या मार्बलवर लिंबू सांडून राहिलं की पांढरा, खरखरीत डाग पडतो, तो आठवा. मार्बल आणि शिंपला दोन्ही मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल त्याला खातं. शिंपल्याची ती गुलाबी-हिरवी झाक एकावर एक बसलेल्या अतिशय पातळ थरांमधून येते. वरचे थर विरघळले की खाली उरतो खडू. त्या टेबलावरचे सोळा तारे पाटीवर खडूनं काढल्यासारखे दिसत होते. बाई म्हणाल्या, "ताई, पुन्हा चमकेल ना?" थोडंफार चमकवलं मी, महिनाभर बोटानं आणि अगदी बारीक पावडरीनं घासून. पण गेलेला थर परत येत नाही, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा बघवेना.

लिंबू, व्हिनेगर, ताक, सगळ्याला हेच लागू. बाथरूमच्या ज्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो, त्यानं निखळलेला तुकडा चिकटवणाऱ्यांनाही.

मग साफ कशानं करायचं? कोरड्या, मऊ ब्रशनं. माझ्याकडे दाढीचा एक जुना ब्रश आहे, वडिलांचा. हट्टी मळासाठी कापसाचा बोळा थुंकीनं जेमतेम ओला करायचा, एक तारा पुसायचा, बोळा फेकायचा. नाक मुरडू नका, संग्रहालयांतही हे करतात. पाण्याचा फडका नको. पाणी सांध्यात शिरतं आणि सरस सुटतो. खोबरेल तेल तर मुळीच नको. दोन दिवस झळकतं, मग धूळ धरतं, आणि खाली मुरलं की पुढे कुठलाही सरस तिथे धरत नाही.

दुसरी माझी आवडती चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिचा राग जास्त. शिकत होते तेव्हाची गोष्ट. जुलै महिना, मुंबईचा पाऊस, आणि हातात दमास्कसची एक पेटी. दोन-तीन शिंपले लाकडापेक्षा केसभर खाली बसलेले वाटले. मी उत्साहात लाकडावर पॉलिश पेपर फिरवून सगळं एका पातळीत आणलं. उस्तादांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. फेब्रुवारीत पेटी परत आली. तेच शिंपले आता वर आले होते, बोट फिरवलं की नखाला लागत होते, आणि एक तर उडूनच गेला होता. पावसात लाकूड फुगतं, शिंपला फुगत नाही. मी फुगलेलं लाकूड तासलं, ते हिवाळ्यात आटलं आणि शिंपला उघडा पडला. दमास्कसच्या कोरड्या हवेत घडलेली वस्तू कोकणच्या पावसात येते तेव्हा ती वर्षभर अशी श्वास घेत असते. तेव्हापासून पावसाळ्यात मी एकही पृष्ठभाग तासत नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तर त्याला दुसरीकडे जायला सांगते. 'दहा मिनिटांत जुनं फर्निचर नवं' असले व्हिडिओ पाहून आलेली नवी मुलं यावर हसतात. हसू देत. एसीचा झोत टेबलावर सोडणाऱ्यांनीही हीच गोष्ट वाचावी.

बाकीच्या चुका थोडक्यात. पांढऱ्या ग्लूनं किंवा इन्स्टंट ग्लूनं चिकटवू नका, तो पुढे निघता निघत नाही. सरसाचे दाणे रात्रभर भिजवा आणि पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून साठ अंशांच्या आसपास गरम करा. उकळलात की त्याचा जोर गेला. घरातले वासाबद्दल बोलतील. तुकडा बसवल्यावर क्लॅम्प नाही, वाळूची पुरचुंडी ठेवा, रात्रभर. नवा शिंपला बसवताना तो उजेडात फिरवून बघा, दिशा चुकली तर शेजारचे तारे चमकतील आणि तुमचा एक काळा दिसेल. हाड की प्लास्टिक हे ओळखायला गरम सुई टोचू नका. भिंग घ्या, हाडात बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात. दुकानदार 'हस्तिदंत आहे' म्हणाला तर तो एकतर खोटं बोलतोय किंवा गुन्हा कबूल करतोय, आपल्याकडे तो व्यापार कायद्यानं बंद आहे. 'अल्लाहखेरीज विजेता नाही' हे अरबीत कोरलेलं दिसलं म्हणून वस्तू नसरी काळाची होत नाही. हे ग्रानादाच्या नसरी सुलतानांचं ब्रीद, तिथल्या अलहंब्रा राजवाड्याच्या भिंतींवर जागोजाग आहे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या नकलाकारांनी ते हवं तिथे उतरवलं. खालून चार फाट्यांचा स्क्रू दिसला तर टेबल १९३० च्या दशकातलं किंवा त्यानंतरचं. पण आधी तो स्क्रू नंतरच्या दुरुस्तीतला नाही ना, ते बघा.

आणि पडलेला तुकडा केरात टाकू नका. मागच्या महिन्यात एक मुलगी लग्नपत्रिकेच्या पाकिटात सतरा तुकडे घेऊन आली. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात, आणि कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं: 'खिडकीकडची बाजू, वरून तिसरा'. तिचं काम मी अर्ध्या पैशात केलं.