शेत जागेवरच, काउंटी बदलली: अमेरिकेतल्या गावाकडचे पूर्वज शोधताना या चुका टाळा

वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कॅलहून काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) वंशावळ शोधणारे हमखास एका जागी अडकतात. १८६० च्या जनगणनेत कुटुंब सापडतं, १८५० मध्ये त्याचा पत्ताच नाही. मग ‘दुसऱ्या राज्यातून आले असतील’ असा तर्क लढवला जातो. बऱ्याचदा कुटुंब जागचं हललेलंही नसतं. कॅलहून काउंटी १८५६ मध्ये गिल्मरमधून निघाली. गिल्मर १८४५ मध्ये लुईस आणि कनावा यांचे तुकडे जोडून झाली, लुईस १८१६ मध्ये हॅरिसनमधून, हॅरिसन १७८४ मध्ये मोनोंगेलियातून. त्यात १८६३ पर्यंत हा सगळा मुलूख व्हर्जिनियात होता. जुनी दप्तरं साधारणपणे मूळ काउंटीतच राहतात. तेव्हा नावाआधी काउंटीचा जन्म शोधा आणि कोणत्या वर्षासाठी कुठली कचेरी, हे एका कागदावर लिहून ठेवा.

जनगणनेत नसलेलं नातं वाचणं ही दुसरी चूक. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे, बाकीच्यांची वयोगटाप्रमाणे नुसती संख्या. १८५० पासून घरातल्या सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं आली, पण प्रमुखाशी नातं काय, हा रकाना १८८० चा. त्याआधीच्या यादीतली बाई दुसरी बायको असेल किंवा विधवा बहीणही. गुलामांची १८५० आणि १८६० ची यादी वेगळी होती. तिच्यात मालकाच्या नावाखाली बहुतेक वेळा नुसतं वय, लिंग आणि वर्ण. अशा घराण्यांसाठी, गुलामगिरी संपल्यानंतरच्या १८७० च्या जनगणनेपासून मागे जाताना मालकाची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतात. १८९० ची जनगणना १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर जवळजवळ सगळीच गेली. ती शोधण्यात वेळ घालवू नका, कराच्या याद्या पाहा.

खरा खजिना जमिनीच्या दस्तांत असतो आणि तिथेच लोक अर्धं काम करून उठतात. सूची दोन असतात, देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. बाप वारल्यावर भावंडांनी मिळून शेत विकलं, तर लेकी-जावयांसह सगळी नावं त्या खतात येतात, पण देणाऱ्यांच्या सूचीत नोंद पहिल्या वारसाच्या नावावर ‘आणि इतर’ अशी असू शकते. नवऱ्याच्या जमिनीवरचा बायकोचा हक्क सोडवून घ्यावा लागे, म्हणून विक्रीखतात तिचंही नाव सापडतं. दस्त झाला ते वर्ष आणि नोंदला ते वर्ष, दोन्ही टिपा, मध्ये बरीच वर्षं गेलेली असू शकतात. आपल्याकडच्या चतुःसीमेसारखंच तिथे ओढे, झाडं, शेजारी लिहिलेले असतात. माप ‘पोल’मध्ये: एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, १६० चौरस पोल म्हणजे एक एकर. नकाशा काढून बघा, बांधाला बांध असलेला शेजारी अनेकदा सासरा निघतो.

‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच, असं धरू नका. एकाच नावाचे दोघे ओळखता यावेत म्हणूनही ते लावत, मग ते काका-पुतणे का असेनात. मृत्यूच्या दाखल्यावरची मृत्यूतारीख भरवशाची, जन्मतारीख मात्र माहिती देणाऱ्याच्या आठवणीवरची.

कचेरीत खिडकी चुकली की ‘नोंद नाही’ हेच उत्तर मिळतं. वेस्ट व्हर्जिनियात दस्त, मृत्युपत्रं, जन्म, विवाह काउंटी क्लार्ककडे. दिवाणी दावे सर्किट क्लार्ककडे, म्हणजे कोर्टाच्या कचेरीत. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर नाव टाकून काही आलं नाही, तरी नोंद नाही असं समजू नका. कित्येक वह्यांच्या प्रतिमा चढवलेल्या आहेत, पण नावांची सूची झालेली नाही. कॅटलॉगमध्ये काउंटी निवडा, वही उघडा आणि पान-पान उलटा.