कॅनॉनिकल टॅग लावूनही गूगल दुसरंच पान दाखवतंय? या चुका टाळा

एकच पान अनेक पत्त्यांवर उघडतं: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून, न लावता, शेवटी सॉर्टिंगचं पॅरामीटर चिकटवून. यातलं मुख्य कोणतं हे सांगता यावं म्हणून २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी कॅनॉनिकल टॅगला, म्हणजे पानाच्या कोडमध्ये मुख्य पत्ता सांगणाऱ्या ओळीला, पाठिंबा दिला. पण हा टॅग म्हणजे हुकूम नव्हे, शिफारस आहे. साइटमॅपमध्ये (साइटच्या पानांच्या यादीत) एक यूआरएल म्हणजे पत्ता, मेन्यूत दुसरी आणि टॅगमध्ये तिसरी असेल, तर गूगल आपल्या हिशेबाने निवड करतं. तिन्ही ठिकाणी एकच यूआरएल द्या, तीही एचटीटीपीएसपासून पूर्ण.

तपासाची सुरुवात सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातल्या यूआरएल इन्स्पेक्शनपासून करा. तुम्ही सांगितलेलं कॅनॉनिकल आणि गूगलने निवडलेलं कॅनॉनिकल, दोन्ही तिथे दिसतात. पान त्या क्षणी तपासणाऱ्या लाइव्ह टेस्टमध्ये मात्र गूगलची निवड कळत नाही.

एका साइटवर मी यात बराच वेळ घालवला. व्ह्यू सोर्समध्ये, म्हणजे सर्व्हरकडून आलेल्या मूळ कोडमध्ये, टॅग अगदी व्यवस्थित होता, पण सर्च कन्सोल म्हणे कॅनॉनिकल दिलेलंच नाही. शेवटी ब्राउझरने प्रत्यक्ष बनवलेलं पान दाखवणाऱ्या इन्स्पेक्टमध्ये पाहिलं, तर टॅग हेडऐवजी (पानाची माहिती ठेवणारा वरचा भाग) बॉडीत (दिसणाऱ्या मजकुराचा भाग) जाऊन बसलेला! ट्रॅकिंगसाठी कुणीतरी हेडमध्ये आयफ्रेम (पानात दुसरं पान दाखवणारी चौकट) टाकली होती. हेडमध्ये आयफ्रेम, डिव्ह किंवा इमेज आली की हेड तिथेच संपलं असं धरलं जातं आणि खालचं सगळं बॉडीत ढकललं जातं. बॉडीतला कॅनॉनिकल गूगल मोजत नाही. म्हणून नुसत्या सोर्सवर विसंबू नका, आणि टॅग हेडमध्ये शक्य तितका वर ठेवा. तिथेच हेही बघा की थीम एक आणि प्लगिन दुसरा असे दोन टॅग तर येत नाहीत ना. दोघांत वेगवेगळे पत्ते असतील, तर दोन्ही दुर्लक्षित होऊ शकतात.

सर्रास दिसणारी आणि मला सर्वांत महागडी वाटणारी चूक म्हणजे यादीच्या दुसऱ्या, तिसऱ्या पानाचं कॅनॉनिकल पहिल्या पानाकडे वळवणं. त्या पानांवरचा मजकूर वेगळा असतो, ती डुप्लिकेट नाहीतच. प्रत्येक पानाला स्वतःचाच पत्ता द्या. भाषांतराचंही तसंच: मराठी पानाचं कॅनॉनिकल इंग्रजी पानाला देऊ नका, त्यासाठी पानाच्या इतर भाषांतल्या आवृत्त्या सांगणारा एचरेफलँग आहे.

डुप्लिकेट पानं रोबोट्स फाइलमध्ये (बॉटने कुठे जायचं नाही हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) अडवू नका. बॉटला, म्हणजे पानं वाचणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमला, पान उघडताच आलं नाही, तर टॅग वाचणार कसा? नोइंडेक्स (हे पान सर्चमध्ये घेऊ नका ही सूचना) आणि दुसऱ्या पानाकडचं कॅनॉनिकल एकत्र लावलं की उलटसुलट निरोप जातो. स्टेजिंगचा (चाचणीच्या साइटचा) पत्ता टॅगमध्ये राहिला असेल, तर तो आजच बदला. पीडीएफला हेड नसतं, तिथे कॅनॉनिकल एचटीटीपी हेडरमधून (फाइलसोबत सर्व्हर पाठवतो त्या माहितीतून) द्यावं लागतं.

दुरुस्तीनंतर महत्त्वाच्या पानांसाठी सर्च कन्सोलमधून इंडेक्सिंगची (पान सर्चमध्ये नोंदवण्याची) विनंती करा आणि बॉट पुन्हा येऊन जाईपर्यंत टॅगला हात लावू नका.