ब्लेंडरच्या स्क्रिप्टसाठी एडिटर निवडण्याआधीची तयारी

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्ट पायथन भाषेत लिहितात. कोड लिहिण्याचा एडिटर डाउनलोड करण्याआधी तुमच्या ब्लेंडरमध्ये पायथनची कोणती आवृत्ती आहे ते बघून घ्या. ब्लेंडर स्वतःचं पायथन सोबत आणतो, कॉम्प्युटरवर वेगळं टाकलेलं वापरत नाही. स्क्रिप्टिंग वर्कस्पेसमधल्या पायथन कन्सोलच्या पहिल्याच ओळीत आकडा दिसतो, ब्लेंडर 4.2 मध्ये तो 3.11 आहे. एडिटरमध्येही तोच निवडा. नाहीतर 3.12 वर चालणारा एडिटर एफ-स्ट्रिंगच्या (मधे किंमत भरता येणाऱ्या मजकुराच्या) आत पुन्हा तेच अवतरणचिन्ह खपवून घेतो आणि ब्लेंडर मात्र त्या ओळीवर सिंटॅक्स एरर देतो.

काम पन्नासेक ओळींचं असेल तर बाहेरचा एडिटर लागतच नाही. ब्लेंडरच्याच टेक्स्ट एडिटरमध्ये लिहा आणि ऑल्ट-पी दाबा. फक्त तिथला मजकूर ब्लेंड फाइलच्या आत राहतो, म्हणून स्क्रिप्ट पुन्हा वापरायची असेल तर सेव्ह अ‍ॅज करून डॉट पीवाय फाइल वेगळी ठेवा.

बाहेरचा एडिटर निवडताना थीम आणि रंग शेवटी बघा. टॅब दाबल्यावर चार स्पेस पडायला हवेत, आणि टॅब व स्पेस वेगवेगळे दिसण्याची सोय हवीच. कुठून तरी चिकटवलेल्या ओळींत टॅब आणि तुमच्या ओळींत स्पेस असले की स्क्रीनवर सगळं एका रेषेत दिसतं, तरी पायथन टॅब एरर देऊन थांबतं. या एका सोयीने सुरुवातीचा बराच मनस्ताप वाचतो.

बीपीवायची, म्हणजे ब्लेंडरच्या पायथन मॉड्यूलची, नावं लिहिताना सुचायला हवी असतील तर फेक-बीपीवाय-मॉड्यूल पिपने (पायथनची पॅकेजेस टाकायच्या साधनाने) एडिटरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका, तेही ब्लेंडरच्या आवृत्तीशी जुळणारं. ते फक्त सुचवण्यापुरतं आहे. एडिटरमधलं रन बटण दाबून सीनमध्ये काहीच बदलणार नाही. स्क्रिप्ट ब्लेंडरमध्येच चालवायची.

बाहेरचा एडिटर आणि ब्लेंडर यांना जोडायला ब्लेंडरच्या टेक्स्ट एडिटरच्या टेम्प्लेट्समध्ये, पायथनखाली, एक्स्टर्नल स्क्रिप्ट स्टब ही छोटी तयार स्क्रिप्ट आहे. त्यात तुमच्या फाइलचं नाव घाला, की दर वेळी डिस्कवरची ताजी फाइल चालते. तो स्टब फाइल ब्लेंडच्या फोल्डरमध्ये शोधतो, म्हणून ब्लेंड आधी सेव्ह केलेली हवी. तुमच्या स्क्रिप्टने दुसरी डॉट पीवाय फाइल इम्पोर्ट केली असेल तर तिच्यातले बदल मात्र दिसत नाहीत, कारण पायथन एकदा घेतलेलं मॉड्यूल लक्षात ठेवतं. तिथे पायथनच्या इम्पोर्टलिब मॉड्यूलमधलं रीलोड लागतं.

विंडोजवर स्क्रिप्टमध्ये फाइलचा पाथ लिहिताना अवतरणचिन्हाआधी आर (r) हे अक्षर लावा. नाहीतर युजर्स फोल्डरच्या आधीचा बॅकस्लॅश आणि यू मिळून युनिकोडची एरर येते.

प्रिंटचा मजकूर विंडोजवर विंडो मेनूतल्या टॉगल सिस्टम कन्सोलमध्ये दिसतो; लिनक्स किंवा मॅकवर ब्लेंडर टर्मिनलमधूनच सुरू करा. मग एका ओळीचं प्रिंट लिहून चालवा, बाहेरच्या एडिटरमध्ये शब्द बदला, सेव्ह करा आणि स्टब पुन्हा चालवा. नवा शब्द आला तर जोडणी बरोबर आहे. जुनाच आला तर फाइल सेव्ह झाली नाही किंवा स्टबमधलं नाव दुसऱ्याच फाइलचं आहे.